गायलेलं वाक्य

अमरावतीच्या एका लायब्ररीत अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचणारा मशीनचा आवाज तयार होत होता, आणि त्याला मार्क द्यायला आठ जण बसवले होते. सगळेच दृष्टी नसलेले, सगळेच कानाचे पक्के. त्यातल्या सात जणांचं बरं होतं. एक आवाज ऐकायचा, दुसरा ऐकायचा, त्यातला बरा कोणता ते सांगायचं, पाचपैकी मार्क द्यायचे, चहा घ्यायचा आणि घरचा रस्ता धरायचा. आठवे होते शेषराव. त्यांना लायब्ररीचा चहाही पसंत नव्हता आणि आवाजही.

"दोन," ते म्हणाले.

"काकाजी, मागच्या वेळीही दोनच दिले होते," गीतांजली म्हणाली. आवाज घडवायचं काम तिचं. इंजिनिअर झालेली, अमरावतीतच वाढलेली मुलगी. कॉलेजच्या परीक्षांना कधी भ्याली नसेल, पण शेषराव यायचे त्या दिवशी सकाळपासून ती तोच नमुना पुन्हा पुन्हा तपासत बसायची.

"मंग तवापासून सुदरलं काय? 'चार पेंढ्या चारा' म्हनते ना ते? चारमंधला च बराबर हाये. पन चाऱ्यालेबी तोच च लावते. असा चारा कोनी म्हनते का? ढोरं तोंड नाई लावनार त्याले."

म्हाताऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्या लिपीत च एकच आणि उच्चार दोन. चिमणीचा वेगळा, चोराचा वेगळा. माणसाच्या लेकराला ते आईच्या कडेवर बसल्या बसल्या कळतं, मशीनला एकेक शब्द धरून शिकवावं लागतं. गीतांजली मुकाट्यानं वहीत 'चारा' लिहून घ्यायची. त्याआधीच्या खेपेला ळची पंचाईत झाली होती. ळ म्हणता येईना म्हणून मशीन ल म्हणायचं, आणि 'समोर फुलांचा मळा होता' याचं 'समोर फुलांचा मला होता' झालं होतं. "मला? काय पायजे म्हना तुले?" असं शेषरावांनी मशीनला विचारलं आणि बाकीचे सातही जण खो खो हसले. शेषराव मात्र हसले नव्हते.

ते एवढे खडूस का वागतात हे गीतांजलीला ठाऊक होतं, म्हणून ती ऐकून घ्यायची. मशीनला जो आवाज शिकवला जात होता, तो शेषरावांच्या बायकोचा होता. पार्बताबाईंचा.

शेषरावांचा फुलांचा मळा अकोल्याहून अकोटला जाणाऱ्या रस्त्यावर. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. बावन्नाव्या वर्षी काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. आधी कडेकडेचं दिसेना, मग समोरचंही. त्यानंतर रोज दुपारी पार्बताबाई त्यांना पेपर वाचून दाखवू लागल्या. सातवी शिकलेली बाई, जोडाक्षर आलं की पाय घसरायचा. पण वर्षभरात अशा काही वाचू लागल्या की माळा ओवायला येणाऱ्या बाया हातातली सुई थांबवून ऐकत बसत.

पुढे शेषरावांसाठी बोलकी पुस्तकं आणायला दोघं अमरावतीला येऊ लागली. लायब्ररीला वाचणारी माणसं हवीच होती. एका खोलीत भिंतींना गोधड्या टांगून, माईक लावून त्यांनी पार्बताबाईंना बसवलं. दर शुक्रवारी, तीन वर्षं. घरी त्या डोळ्याला 'डोया' म्हणत, मळ्याला 'मया'. माईकपुढे तसं चालायचं नाही म्हणून त्यांनी महिनाभर चुलीपुढे बसून ळ घोटला. बासष्ट तासांचं वाचन त्यांच्या नावावर जमा झालं. त्यावरून मशीनला तुमचा आवाज शिकवू का, असं गीतांजलीनं विचारलं तेव्हा त्यांनी सही ठोकून दिली आणि म्हणाल्या, "न्या बाप्पा. घरी तं कोनी आईकत नाई."

मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी पार्बताबाई गेल्या. छातीत दुखतं म्हणाल्या आणि चार दिवसांत सगळं आटोपलं.

आता शेषरावांना त्या आवाजात पुस्तकं ऐकायची होती असं कोणाला वाटत असेल, तर ते चूक. त्यांना एकच वाक्य ऐकायचं होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा रोहित सहा वर्षांपूर्वी मळा सोडून हैदराबादला कंपनीत गेला. बापाचे डोळे गेले, मळा आता पोरानंच बघायचा, हे शेषरावांनी धरून ठेवलेलं. रोहित म्हणाला, मळा ठोक्यानं, वर्षाच्या ठरीव रकमेवर, दुसऱ्याला देऊन टाका. शब्दानं शब्द वाढला आणि शेषराव बोलून गेले, "जा. तुह्या आवाजाचीबी गरज नाई मले." बाप से बेटा सवाई. त्यानं खरंच परत आवाज ऐकू दिला नाही. आईच्या मोबाईलवर मेसेज तेवढा करायचा, तोही लिहून.

पार्बताबाई तो मेसेज दुपारच्या पेपरानंतर वाचून दाखवत. पोहोचलो, जेवलो, सुट्टी नाही. आणि शेवटी न चुकता एक वाक्य असे: 'बाबा कसे आहेत? त्यांना म्हणावं, जपून चालत जा.' कधी त्यात थोडा फरक असे, पण विचारपूस असायचीच. शेषराव "हूं" म्हणून तोंड फिरवत. पार्बताबाई कामाला लागल्या की तेच वाक्य मनातल्या मनात तीनतीनदा घोळवत. सहा वर्षांच्या अबोल्यात बापाच्या वाट्याला आलेलं लेकरू तेवढंच होतं.

पार्बताबाई गेल्या आणि ते वाक्य बंद झालं. तेरवीपर्यंत रोहित राहिला, जाताना पायाला हात लावला, शेषरावांनी "हूं" म्हटलं. झालं. त्यानंतर तो शेजारी राहणाऱ्या काकाला, मोतीरामला, महिन्यातून एकदा फोन करी, आणि मोतीराम येऊन सांगे, "रोहित मजेत हाये." बस्स. पार्बताबाईंचा मोबाईल शेषरावांनी बंद पडू दिला नव्हता. बंडीच्या आतल्या खिशात तो चौदा महिने होता. मोतीरामच्या बायकोनं जुने मेसेज वाचून दाखवले असते, पण या बाबतीत शेषरावांना कोणापुढे झाकली मूठ उघडायची नव्हती. मोबाईलमधला तयार आवाज त्यांनी एकदा लावून पाहिला होता. रोहित मराठी लिहायचा ती इंग्रजी अक्षरांत, आणि तो आवाज 'आई जेवलो' असं काही वाचायचा की एखादा साहेब आजारी पडल्यासारखा वाटे. त्यांनी तो बंद करून टाकला.

म्हणून ते दर महिन्याला रेल्वेनं बडनेऱ्यापर्यंत येत, तिथून ऑटोनं अमरावती गाठत, आणि गीतांजलीला दोन मार्क देऊन परत जात. बायकोचा आवाज नीट व्हावा आणि त्यानं ते वाक्य एकदा वाचावं, एवढीच त्यांची हाव होती.

दसऱ्यानंतर सातवा नमुना तयार झाला. चारा चाऱ्यासारखा झाला, ळ जागेवर आला, पूर्णविरामाशी श्वास घ्यायलाही मशीन शिकलं. इंग्रजी अक्षरांतली मराठीही आता त्याला वाचता येत होती. शेषरावांनी ऐकलं, परत एकदा लावायला सांगितलं आणि म्हणाले, "तीन."

गीतांजलीला पेढे वाटावेसे वाटले. "काकाजी, तुमच्या मोबाईलमध्ये टाकून देऊ का? घरी ऐकाल."

शेषरावांनी बंडीत हात घातला आणि पार्बताबाईंचा मोबाईल काढून टेबलावर ठेवला. "याच्यात टाक."

रविवारी दुपारी मळ्यातल्या शेडमध्ये, तोडून आणलेल्या झेंडूच्या ढिगाशी बसून त्यांनी रोहितचे जुने मेसेज लावले. 'आई, पोहोचलो. रूमवर आहे. जेवण झालं.' पार्बताबाई वाचत होत्या. अगदी त्याच. शेषरावांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला. चौदा महिने ज्या आवाजासाठी जीव तुटत होता तो हातभर अंतरावर होता. त्यांनी पुढच्या वाक्याची वाट पाहिली.

पुढचं वाक्य आलंच नाही. दुसरा मेसेज सुरू झाला. 'आई, या दिवाळीला सुट्टी नाही. वाईट वाटून घेऊ नको.' इथंही आवाज थांबला. तिसरा, चौथा, विसावा. बाया माळा घेऊन गेल्या, ऊन उतरलं, तरी शेषराव ऐकतच होते. बाकी सगळं होतं, तेवढं वाक्य एकाही मेसेजात नव्हतं.

त्यांना आधी राग आला आणि मग हायसं वाटलं. मशीनच ते! जे ळ खात होतं, ते वाक्यही खाणारच. त्यांनी बोलून टाईप करायचं बटण दाबलं आणि गीतांजलीला तक्रार धाडली: "आवाज बेस हाये. पन तुह्या मशीननं वाक्य गायलं. दर मेसेजमंधलं शेवटचं वाक्य गायलं."

आता गीतांजली अमरावतीची. समोर बसून कोणी हे म्हटलं असतं तर ती चटकन समजली असती. पण तिच्यापुढे आली ती नुसती अक्षरं, आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं, गायलं. तिच्या धंद्यात हा रोग माहितीचा. वाक्याच्या शेवटी आवाज उगाच वर चढतो, हेलकावे घेतो, वाचता वाचता गाऊ लागतो. तिनं आठ दिवस खपून पार्बताबाईंच्या वाक्यांची शेपटं दाबून सरळ केली आणि नवा नमुना त्याच मोबाईलवर पाठवला.

शेषरावांनी लावला तर पार्बताबाई तहसीलची नोटीस वाचावी तशा वाचत होत्या. आणि ते वाक्य नव्हतंच. दुसऱ्या दिवशी मोतीरामनं त्यांना अकोल्याच्या स्टेशनावर गाडीत बसवून दिलं.

"काय सांगतलं अन् काय करून ठेवलं वं तू!" लायब्ररीच्या दारातूनच त्यांनी सुरुवात केली. "चांगल्या बाईचा सत्यानास केला!"

"काकाजी, तुम्हीच लिहिलं होतं ना, गायलं म्हणून? मी गाणं काढून टाकलं."

"गानं? अवं, गायलं म्हनजे गायलं! च्या नाई गायत का आपन गायनीतून? तसं!"

गीतांजली क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. "गाळलं! काकाजी, गाळलं! आठ दिवस घातले हो मी!"

"मंग मी काय म्हनून रायलो?" शेषराव म्हणाले. पण त्यांच्याही मिशा हलल्या. पार्बताबाईंनी महिनाभर ळ घोटला, तो कशासाठी, हे आज त्यांना पहिल्यांदा पटलं.

गीतांजलीनं मोबाईल कॉम्प्युटरला जोडला. "कोणतं वाक्य गाळलं, सांगा."

हे आलं अंगावर. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. परक्या पोरीपुढे ते म्हणणं सोपं नव्हतं. "तो मले इचारते ना शेवटी. का बाबा कसे आहेत, म्हनून. जपून चालत जा म्हनते. ते."

"थांबा, बघते." तिच्या बोटाखाली माऊसचं चाक फिरू लागलं. बराच वेळ फिरलं. मध्ये एकदा थांबलं, परत फिरलं. मग बंद पडलं आणि खोलीत नुसता पंखा ऐकू येऊ लागला.

"काकाजी, पाणी देऊ का?"

न मागता कोणी पाणी विचारलं की काय समजायचं, ते शेषरावांना डॉक्टरांच्या खोल्यांमधून शिकायला मिळालं होतं. "नाई काय ते वाक्य?"

"नाही."

"कोन्या मेसेजमंधी नाई?"

"कोणत्याच नाही, काकाजी. मी पहिल्यापासून सगळे बघितले."

शेषरावांना पार्बताबाईंचं वाचणं आठवलं. रोज दुपारी, पेपरानंतर, न चुकता. ते वाक्य रोहितनं कधी लिहिलंच नव्हतं. पार्बताबाई मोबाईलकडे बघून, नवऱ्याचं तोंड बघून, पदरचं वाचत होत्या. पोरानं सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही, हे आता त्यांना कळलं, आणि ते आतून मोडून गेले. बायकोचा राग यावा तर तो येईना. ती असती तर निदान तिच्याशी भांडता आलं असतं.

"काकाजी," गीतांजली अडखळत म्हणाली, "यात काकूंनी त्याला लिहिलेलेही मेसेज आहेत. आवाज तेवढे वाचत नव्हता, कारण मी फक्त आलेले वाचायला लावले होते. ऐकता का?"

शेषरावांनी मान हलवली.

मळ्यात शिकलेल्या बोटांनी, एकेक अक्षर शोधून पार्बताबाईंनी ते टाईप केलं होतं. बोलत तसंच लिहिलं होतं, आणि मशीननं लिहिलं तसंच वाचलं. 'रोयत, तुहे बाबा लय आठवन काढते तुही. काल मयात म्हने का रोयताले पांढरी शेवंती आवडे.' मग दुसरा. 'बाबा म्हनत होते गाडी हयू चालवत जाय म्हना त्याले.' मग तिसरा. 'बाबाचा राग गेला आता. तोंडानं बोलत नाई, तुले मालूमच हाये त्याईचा सोभाव.'

बासष्ट तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये पार्बताबाईंनी एकदाही 'मया' म्हटलं नव्हतं. गोधड्यांच्या खोलीत त्या शुद्ध बोलल्या होत्या. आता पहिल्यांदाच घरची बाई बोलत होती, चुलीपुढची, शेवंतीच्या वाफ्यातली. "असा आवाज कधीच निघाला नव्हता," गीतांजली हळूच म्हणाली. शेषरावांना ते ऐकू गेलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

यातलं एक अक्षरही ते बोलले नव्हते. सहा वर्षांत त्यांनी घरात पोराचं नाव काढलं नव्हतं. पण पांढऱ्या शेवंतीच्या वाफ्यापाशी आलं की त्यांचा पाय थांबायचा, आणि बायको मागून बघत असायची. बापाकडून तीच बोलत होती, लेकाकडून तीच. दोघं हटवादी आपापल्या जागी ताठ बसून राहिले आणि मधल्यामध्ये ती एकटी दोन्हीकडचं बोलून थकली.

गीतांजलीनं नाक ओढलं. "काकाजी, तुम्ही म्हणाल तर मी ते वाक्य बसवून देते. दर मेसेजच्या शेवटी येईल. काकूंच्याच आवाजात. मशीनला ते काही कठीण नाही."

खोटं कशाला बोला, शेषरावांना मोह झाला. एवढ्यासाठीच तर ते चौदा महिने तळमळले होते. दुपारी शेडमध्ये बसावं, ती वाचेल, शेवटी विचारेल. दुधाची तहान ताकावर भागवणारी माणसं जगात कमी नाहीत. बराच वेळ त्यांची बोटं काठीवरून खालीवर फिरत राहिली.

"नोको," ते शेवटी म्हणाले. "मले तं कयन ना, पोरी, का ते खोटं हाये." आणि मग, जरा थांबून, "याच्यातून रोहितले फोन लागते का?"

तिनं लावून मोबाईल त्यांच्या कानाशी दिला. तिकडे रोहितच्या मोबाईलवर कोणाचं नाव उमटेल, याचा विचार दोघांच्याही मनात आला नव्हता. दुसऱ्याच घंटीला उचलला गेला.

"आई?"

मग नुसता श्वास. मग सावरलेला, परका आवाज, "कोण बोलतंय?"

"मी व्हय."

"बाबा? काय झालं?"

"काई नाई झालं. दुसरा नंबर नाई माह्यापाशी, म्हून याच्यातून लावला." शेषरावांनी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. मनात जुळवलेलं सगळं उडून गेलं, आणि जे तोंडाला आलं ते ते बोलून गेले. "तू दर मेसेजमंधी मले इचारत होता ना रे. तुही माय वाचून दाखवे. मी कधी जवाब देल्ला नाई. तेवढं सांगाचं रायलं होतं."

हैदराबादेत कुठंतरी रस्त्यावर हॉर्न वाजत होते. गीतांजली खुर्चीत पुढे सरकली. रोहितनं 'मी कधी विचारलं?' असं म्हटलं असतं तर ते खरंच होतं, आणि तिथंच सगळं संपलं असतं.

"हो बाबा," तो म्हणाला. "विचारत होतो."

सगळे मेसेज आताच या टेबलावर वाचून झाले होते. पोरगा धडधडीत खोटं बोलत होता, आणि शेषरावांना वाटलं, आयुष्यात इतकं गोड कोणी बोललं नाही आपल्याशी.

"आई सांगायची," रोहित म्हणाला, "तुम्ही रोज माझी आठवण काढता म्हणून."

"हाव," शेषराव म्हणाले. "काढत होतो." आणि हे म्हणताना त्यांचा आवाज पार फाटला.

पुन्हा हॉर्न. मग सहा वर्षं हैदराबादेत राहिलेला पोरगा एकाएकी मळ्यातल्या भाषेत बोलला, "बाबा, आवाज काहून असा येऊन रायला तुमचा? सर्दी झाली का?"

हे वाक्य पार्बताबाईंनी कधी वाचून दाखवलं नव्हतं.